चिनी गल्लीतली सोयरीक

आमच्या नांदेडात आता चौकाचौकात चायनीजची गाडी उभी असते. लाल रंगात बुडवलेला कोबी, काचेवर ड्रॅगनचं चित्र, आणि गाडीचा मालक मुखेडचा नाहीतर देगलूरचा. त्या पोरांवर माझा राग नाही, पोटासाठी काहीतरी विकावं लागतंच. माझा राग आहे तो मोबाईलवर कलकत्त्याची चिनी वस्ती हिंडून दाखवणाऱ्या लोकांवर. भल्या पहाटे जायचं, एका हातात वाफाळता पाव धरायचा, दुसऱ्या हातात मोबाईल, आणि 'इथला इतिहास फील करा' म्हणून ओरडायचं. मागं कुणाची तरी आजी आपल्याच दारात दात घासत उभी असते, तीही ह्यांच्या इतिहासात जमा. ही वस्ती मी पाहिली आहे. ह्या लोकांच्या कितीतरी आधी आमच्यातलेच एक विद्वान गृहस्थ तिथं इतिहास फील करून आले, आणि त्या नादात माझ्या बहिणीची ठरत आलेली सोयरीक गेली.

आम्ही तेव्हा नांदेडला रेल्वेच्या क्वार्टरात राहायचो. वडलांना आम्ही दादा म्हणायचो; ते स्टेशनवर पार्सल ऑफिसात होते. दोन खोल्या, पुढं पत्र्याचा व्हरांडा, आणि त्या व्हरांड्यात माय, म्हणजे आमची आई, चूल घालून बसलेली. गॅस आला तरी भाकरी चुलीवरच, हा तिचा हट्ट. पहाटे आधी गुरुद्वाऱ्यातलं कीर्तन ऐकू यायचं, मग अजान, मग यार्डातल्या शंटिंगच्या इंजिनाची शिट्टी, आणि ह्या सगळ्यांच्या खालून मायच्या भाकरीची थापथाप. डाव्या हाताला तेलुगू नायडूबाई, उजव्या हाताला सरदारजी ड्रायव्हर, समोर मौलाना म्हणवला जाणारा एक पॉइंट्समन. नळावरची भांडणं चार भाषांत व्हायची आणि सगळ्यांना सगळं कळायचं. नायडूबाईची गोंगुऱ्याची चटणी आमच्याकडं यायची, मायची अंबाडीची भाजी तिच्याकडं जायची. पाला एकच, पण दोघी एकमेकींना 'तुमच्यात काहीतरी वेगळंच घालतात' म्हणायच्या. ह्याला आम्ही कधी बहुसंस्कृती वगैरे म्हटलं नाही. तसलं नाव असतं हे कळायला गायकवाड सर यावे लागले.

सर लातूरचे. एका हायस्कुलात मुख्याध्यापक, खादीचा झब्बा, खिशाला दोन पेनं, आणि तोंडात पुण्याची भाषा. त्यांचे चिरंजीव मिलिंदराव औशाला बँकेत कारकून होते आणि माझी थोरली बहीण सुजाता, आमची अक्का, नुकतीच चाकूरला शाळेत मास्तरीण म्हणून लागली होती. लातूरच्या एका नातलगानं स्थळ सुचवलं आणि सर बायको-मुलाला घेऊन आमच्याकडं पाहायला आले. पाहायला कसले, भाषण करायला आले. "आमच्या घरात पत्रिका नाही, मुहूर्त नाही, गंडा-दोरा नाही. आम्ही फक्त विवेक मानतो," असं त्यांनी चहा यायच्या आत सांगितलं आणि चहा झाल्यावर परत सांगितलं. दादा बिचारे मान हलवत होते. आमच्याही घरात ह्यातलं काही नव्हतं, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब होते, पौर्णिमेला वंदना होती; पण दादांना ते कुणाला सांगावं लागायचं नाही.

अक्काला मात्र मिलिंदराव आवडले. का आवडले तेही तिनं मला त्याच संध्याकाळी भांडी घासताना सांगितलं. सरांचं भाषण रंगात आलं की मिलिंदराव कपाळ खाजवायचे. खाज नव्हती, हसू होतं. हातानं झाकत होते. एकदा तर कपाळावरच्या हाताखालून त्यांनी अक्काकडं बघितलं आणि दोघांनाही हसू आवरेना.

"मित्रे," अक्का मला म्हणाली, "बापाच्या भाषणात ज्याला हसू येतं ना, तो माणूस बरा असतोय बघ."

त्यानंतर तिच्या बोलण्यात औसा फार यायला लागलं. औशाचा किल्ला, औशाचा बाजार, औशाहून चाकूरला एसटीनं किती वेळ लागतो. माय मनातल्या मनात पाहुण्यांची जेवणं वाढायला लागली होती. फक्त सरांचा होकार येत नव्हता. नकारही येत नव्हता. निरोप आला तो भलताच: सोयरीक पक्की करण्याआधी दोन्ही कुटुंबांनी एकत्र प्रवास करावा, माणूस प्रवासात कळतो. सरांना रजा-प्रवासाची सवलत होती, दादांना रेल्वेचा पास. ठिकाण सरांनीच ठरवलं, कलकत्ता. माणूस प्रवासात कळतो हे सरांचं एकच वाक्य मला आजही शंभर टक्के पटतं.

सिकंदराबादला गाडी बदलून आम्ही निघालो. मायनं दशम्या केल्या होत्या, धपाटे केले होते, शेंगांची चटणी, ठेचा, आणि पाण्याला तिचा लाडका फिरकीचा तांब्या. सरांचा हुकूम होता की बाहेरचं काही खायचं नाही. "सर्वांच्या पोटाची जबाबदारी माझ्यावर आहे," असं ते म्हणाले. जबाबदारी त्यांची आणि दशम्या मायच्या. कलकत्त्यात त्यांनी आम्हाला पूल दाखवला, अजायबघर दाखवलं, आणि प्रत्येक ठिकाणी पाटी आधी वाचून मग तेच आपल्या शब्दांत सांगितलं. अक्का आणि मिलिंदराव मागं रेंगाळायचे. एकदा ट्रामच्या थांब्यावर ते दोघं शेंगा खात उभे होते. अक्का टरफलं त्यांच्या हातावर ठेवत होती आणि ते ती आपल्या शर्टाच्या खिशात टाकत होते. मला ते बघून फार बरं वाटलं होतं, ते अजून आठवतं.

परतीच्या आदल्या दिवशी सरांनी चिनी वस्ती काढली. चिनी लोक बौद्ध असतात असं त्यांनी वाचलं होतं, आणि वाचलेली गोष्ट सरांच्या लेखी पाहिलेलीच असायची. "आपले धम्मबांधव आहेत. अडीच हजार वर्षांचं नातं आहे," असं म्हणत त्यांनी आम्हाला उजाडता उजाडता उठवलं.

गल्ली साधीच होती. रस्त्याच्या कडेला बायका-पुरुष भल्यामोठ्या डेगच्या मांडून बसलेले, झाकण उघडलं की वाफेत माणसं दिसेनाशी व्हायची. पांढरेफेक पाव, मटणाच्या गोळ्यांचं पाणीदार कालवण, तांदळाच्या पिठाच्या पारी. घ्यायला उभे होते ते पिशव्या घेतलेले बंगाली बाबू, बिहारी हातगाडीवाले, शेजारच्या मोहल्ल्यातले दाढीवाले चाचा. अर्ध्या चड्डीतला एक चिनी म्हातारा खुर्चीत बसून पेपर वाचत होता आणि कुणाकडंही बघत नव्हता. निम्म्या घरांना कुलपं होती. सर त्या कुलपांकडं बोट दाखवून म्हणाले, "पाहा, किती उद्यमशील लोक! उजाडायच्या आत कामाला गेले." ती कुलपं कशाची होती ते मला पुढं कितीतरी वर्षांनी कळलं. चीनशी लढाई झाली तेव्हा ह्या गल्लीतल्या आणि असल्याच दुसऱ्या वस्त्यांतल्या माणसांना बायकापोरांसकट उचलून राजस्थानच्या छावणीत नेऊन टाकलं होतं. बरेच जण सुटून आले तेव्हा इथं काही राहिलं नव्हतं, आणि एकेक घर परदेशाची वाट धरत गेलं. सरांना हे माहीत नव्हतं ह्याबद्दल मी त्यांना बोल लावत नाही, मलाही नव्हतं. पण माहीत नसताना गप्प बसायला काही पैसे पडत नाहीत.

धम्मबांधवांना सरांनी हात जोडून, वाकून, मोठ्यानं 'जयभीम' घातला. पहिल्याच डेगचीमागच्या माणसानं मान वर न करता सांगितलं, "भेज नहीं है. पोर्क है, चिकेन है."

दादांनी हळूच एक पाव घेतला. चावला, डोळे मिटले आणि म्हणाले, "लई मऊ हाय. ताजं लोणी खाल्ल्यावानी." सरांनी नाक मुरडलं. "आम्ही वशाट सोडलंय," ते म्हणाले. दादांनी दुसरा पाव घेतला.

मग सरांनी देऊळ शोधलं. एका जुन्या इमारतीच्या माडीवर, अरुंद जिन्यानं वर. आत उदबत्त्यांचा धूर, लाल कंदील, आणि समोर मूर्ती: तांबडालाल चेहरा, पोटापर्यंत काळी दाढी, शेजारी पुरुषभर उंचीचं पात्याचं हत्यार. दाराशी एक चिनी बाई पाटावर बसून कोथिंबीर निवडत होती. सरांनी चपला काढायला लावल्या, आम्हाला रांगेत गुडघ्यांवर बसवलं आणि खणखणीत आवाजात त्रिशरण सुरू केलं. आम्ही मागून म्हटलं. पंचशील झालं. ती बाई निवडलेल्या काड्या एका बाजूला करत आमच्याकडं बघत राहिली, जशी मी हल्ली त्या मोबाईलवाल्यांकडं बघते.

वंदना संपल्यावर अक्कानं विचारलं, "सर, ह्यांच्यापाशी हत्यार कामून हाय?"

"ते प्रज्ञेचं प्रतीक आहे."

"आन दाढी?"

सरांनी दाढीकडं एकदा नीट पाहून घेतलं. "थंड देश आहे तो. दाढी ठेवावीच लागते."

मिलिंदरावांनी कपाळ खाजवलं. अक्कानं खाली मान घातली, पण तिचे खांदे हलत होते. तेवढ्यात कोथिंबीरवाली बाई कंटाळलेल्या आवाजात म्हणाली, "ये बुद्ध नहीं है. क्वान देव है. लड़ाई का देवता. दुकानवाला लोग पूजता है."

सर आमच्याकडं वळून हळू आवाजात म्हणाले, "दुर्दैव. ह्यांना स्वतःचंच मूळ माहीत नाही." तिच्या देवळात, तिच्या देवाबद्दल. नाकानं कांदे सोलायला शिकवणारी शाळा असती तर सर तिथंही मुख्याध्यापक झाले असते.

दादांनी मात्र त्या लाल देवाला पुन्हा एकदा हात जोडले. "लोकं हात जोडतेत तिथं आपुनबी जोडावं. काय झिजतंय?" म्हणाले आणि चपला शोधायला लागले.

खाली येऊन आम्ही एका बंद घराच्या पायरीवर दशम्या सोडल्या. घास हातात घेतल्यावर मायच्या ध्यानात आलं की फिरकीचा तांब्या वरच राहिला. सर आणि मिलिंदराव 'जरा वस्तीचं निरीक्षण करून येतो' म्हणून आधीच उठून गेले होते. अक्का म्हणाली मी आणते, आणि मी तिच्यामागं गेले. जिन्यातच आवाज ऐकू आला. खुळखुळ, खुळखुळ, डब्यात काड्या हलवल्यासारखा.

दारातून आत बघितलं तर गायकवाड सर त्या दाढीवाल्या देवापुढं गुडघ्यांवर बसले होते. हातात बांबूचं एक उंच नळकांडं, त्यात पातळ काठ्या, आणि ते दोन्ही हातांनी हलवत होते. अशी रीत आहे तिथली: मनात प्रश्न धरायचा, नळकांडं हलवायचं, एक काठी खाली पडेल ती देवाचं उत्तर. शेजारी मिलिंदराव उभे होते. आणि सरांची पुण्याची भाषा कुठल्या कुठं गेली होती.

"देवा," सर म्हणत होते, "पोरगी जरा फटकळ दिसायली. नांदंल का न्हाई आमच्यात? पोराच्या बढतीला आडवी तर येणार न्हाई? एवढं सांग बाबा."

काठी पडली. कोथिंबीरवालीनं ती उचलून तिच्यावरची खूण बघितली आणि म्हणाली, "खराब."

मी अक्काकडं बघितलं. ती सरांकडं बघत नव्हती. सर काय, ते तिला नवीन नव्हते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. असली माणसं आपण गल्लोगल्ली बघतो. ती बघत होती मिलिंदरावांकडं. ते आता कपाळ खाजवतील, हसतील, बापाला उठवतील, ह्याची वाट बघत होती. मलाही तसंच वाटत होतं. मिलिंदराव वाकले, त्या बाईच्या हातातून काठी घेतली, नळकांड्यात परत खोचली आणि म्हणाले, "अजून एकदा बगा, अण्णा."

पुन्हा खुळखुळ झाली. पुन्हा 'खराब'. पुन्हा मिलिंदरावांनीच काठी उचलून आत खोचली. ह्या वेळी त्यांचे डोळे मिटलेले होते आणि ओठ हलत होते. तिसऱ्या काठीला बाई म्हणाली, "अच्छा." ती कंटाळून म्हणाली की खरंच तसं निघालं, हे तिचं तिला ठाऊक. सरांनी जमिनीला डोकं टेकवलं.

अक्का आत गेली. दोघांच्या मधून चालत जाऊन तिनं भिंतीपाशी राहिलेला तांब्या उचलला आणि बाहेर आली. जिना उतरताना तिनं माझा दंड इतका घट्ट धरला होता की दोन दिवस दुखत होता.

मला वाटलं सर आता तोंड लपवतील. माझंच चुकलं; तोंड लपवायला आधी लाज लागते. ते पाठोपाठ खाली आले, झब्बा झटकला आणि पायरीवर जेवत बसलेल्या दादांना म्हणाले, "अभिनंदन, दादासाहेब! सर्व बाजूंनी विचार केला. आम्हाला मुलगी पसंत आहे." मायचा हात तोंडाशी थांबला. तिच्या डोळ्यांत चटकन पाणी आलं. गायकवाडबाईंनी तिला मिठी मारली, दशमीच्या हातानंच.

"कोणत्या बाजूनी, सर?" अक्कानं विचारलं. "काठीच्या?"

सरांनी खाकरून घेतलं. "तो एक सांस्कृतिक अभ्यास होता."

"अभ्यास तीनदा केलाव. पहिल्या दोन्दा मी नापास झाले."

दादांना काही कळेना. मग मीच सांगितलं, काठ्यांचं, 'देवा'चं, सगळं. दादांनी ऐकलं आणि हातातला घास डब्यात परत ठेवला. सर मात्र बोलत होते: लोकाचार, प्रतीकं, जिज्ञासा. अक्का त्यांना मध्येच तोडून मिलिंदरावांकडं वळली. तिचा आवाज एकदम मऊ झाला होता. मला कळत होतं की ती अजूनही त्यांना एक संधी देते आहे, हसायची.

"तुमी काय म्हणता?"

मिलिंदरावांनी बापाकडं बघितलं, मग तिच्याकडं. आणि खरोखरच्या आनंदानं म्हणाले, "शेवटी चांगलीच निघाली की!"

"मंग न्हाई," अक्का म्हणाली. "मला न्हाई करायचं हे लगीन."

माय तिला ओढून बाजूला नेऊन समजावत होती, तेव्हा दादा एवढंच म्हणाले, "ती न्हाई म्हणली. झालं." पेपर वाचणाऱ्या चिनी म्हाताऱ्यानं पहिल्यांदाच पेपर खाली करून आमच्याकडं बघितलं. पहाटे पहाटे आपल्या दारात ही कोण माणसं भांडायला आली, असं त्याला वाटलं असेल. त्याचं बरोबर होतं.

परतीची तिकिटं एकत्रच काढलेली होती. नांदेडपर्यंत दोन्ही कुटुंबं समोरासमोरच्या बाकांवर बसून आली. चटणी-ठेच्याचा डबा आमच्याकडं आणि दशम्यांचं गाठोडं त्यांच्याकडं राहिलं होतं, आणि मागायला कुणाची जीभ उचलेना. ते कोरड्या दशम्या खात होते, आम्ही स्टेशनवरच्या पुऱ्यांना ठेचा लावत होतो. मिलिंदराव खिडकीतून बाहेर बघत होते. कुठल्याशा स्टेशनवर त्यांनी शर्टाचा खिसा रिकामा केला तेव्हा त्यातून शेंगांची टरफलं पडली. अक्कानं ते बघितलं. त्यानंतर मी रडले, अक्का नाही.

लातुरात बातमी पोचली ती अशी, की मुलगी फटकळ निघाली म्हणून गायकवाड सरांनीच स्थळ मोडलं. सर पुढं बरीच वर्षं गावोगाव अंधश्रद्धेविरुद्ध व्याख्यानं देत राहिले आणि त्यांना शाली-श्रीफळं मिळत राहिली. एका व्याख्यानाला मी जाऊन बसले होते, मागच्या रांगेत. त्यात त्यांनी कलकत्त्याच्या चिनी वस्तीतल्या 'प्राचीन बुद्धमूर्ती'चंही वर्णन केलं, दाढीसकट. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून बाहेर येऊन चहा प्यायले. माय वर्षभर अक्काशी धड बोलली नाही. एवढ्या चांगल्या स्थळाला लाथ मारली, हे तिच्या मनातून काही गेलं नाही. अक्का चाकूरलाच शिकवत राहिली आणि पुढं तिथल्याच एका कंपाउंडरशी तिनं लग्न केलं. भाऊजी बोलायला साधे, हसायला मोठे. त्यांचा संसार चांगला झाला. हे मी समजूत म्हणून लिहीत नाही, खरंच चांगला झाला.

गेल्या वर्षी अक्काचा नातू कंपनीच्या कामानं कलकत्त्याला गेला होता. अक्का आता लातुरात मुलाकडं असते, मीही तेव्हा तिच्याकडंच होते. नातवानं व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाईल असा फिरवला की मागं धूर, लाल कंदील आणि ती दाढी दिसली. पोराला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. तो हसत हसत तेच नळकांडं हलवून दाखवत होता, आमचे मोबाईलवाले दाखवतात तसंच.

"काय इचारलंस?" अक्कानं विचारलं.

"नेहाचं. आमच्या लग्नाचं."

"काय निगालं?"

"खराब निघालं, आजी!" तो मोठ्यानं हसला. "तिला सांगितलं तर ती म्हणाली, बरं झालं, आता आधीच माहीत आहे. चला, आम्ही पाव खायला चाललो." मोबाईल हलला, एक हसरी पोरगी क्षणभर दिसली, आणि फोन बंद झाला.

अक्कानं काळा पडलेला मोबाईल पदरानं पुसून ठेवला. मग माझ्याकडं न बघताच बोलली. इतक्या वर्षांत तिनं तो विषय एकदाही काढला नव्हता.

"पहिली काठी खराब निगाली, तवाच तो बाहेर येऊन मला म्हणला असता, 'सुजाता, काठी खराब हाय, चल पाव खाऊ,' तर मी गेले असते ग."